शेळ्या-मेंढ्यांचे घर



आपल्या बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेला खानापूरकडे पाऊस धो धो पडतो, तर पूर्वेला अथणी, रायबाग, गोकाककडे तो बेताचाच. जिथे शेतीचा भरवसा कमी, तिथे शेळ्या-मेंढ्या घराला आधार देतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या नोंदल्या गेल्या. त्यांतील बऱ्याचशा अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या दारात आहेत. अशा घराचा अभ्यास आपण आज करू.

ओळख : शेळीची शेपटी वर उचललेली, मेंढीची खाली लोंबणारी. शेळी मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा पाला ओरबाडते, मेंढी मान खाली घालून जमिनीलगतचे गवत खाते. म्हणून दोघी एकाच माळावर चरल्या तरी एकमेकींच्या तोंडचा घास फारसा काढत नाहीत. दोघीही रवंथ करतात. आपल्याकडची दख्खनी मेंढी काटक, पण तिची लोकर जाडीभरडी असते.

घरातील कामाची वाटणी : पहाटे गोठा झाडून लेंड्या उकिरड्यात टाकण्याचे काम बहुधा आईकडे असते. वडील पाला आणतात, कळप चरायला नेतात. आजीचे लक्ष गाभण जनावरांवर. शेळी किंवा मेंढी साधारण १५० दिवसांनी विते. करडू-कोकरू जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजावाच लागतो. रोगाशी लढण्याची शक्ती त्याला त्यातूनच मिळते. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घेणे आणि गोठा कोरडा ठेवणे, ही दोन कामे चुकली तर वर्षाची कमाई एका आठवड्यात जाऊ शकते. ओल्या जमिनीत खूर सडतात.

घराची बँक : दुभती शेळी रोजचा चहा-दूध भागवते. बोकड विकला की बियाणे, दवाखाना किंवा शाळेचा खर्च निघतो. पिके निघाल्यावर शेतकरी रानात मेंढरे बसवून घेतात. रात्रभराच्या लेंड्या व मूत थेट जमिनीत मुरते आणि मेंढपाळाला त्याचा मोबदला धान्यात वा पैशात मिळतो. पूर्वी लोकरीलाही मान होता. चिंचोक्याची खळ लावलेले घोंगडे घरोघरी असे. आता स्वस्त ब्लँकेटांपुढे त्याला गिऱ्हाईक कमी, आणि लोकर कातरण्याची मजुरीही कधी कधी निघत नाही. गायराने आटत चालल्याने चराईसाठी लांब जावे लागते.

मुलांची शाळा : इथे खरा प्रश्न येतो. कळप लांब गेला की आई-वडील जातात, आणि धाकट्यांना सांभाळायला किंवा मागे राहिलेली करडे राखायला शाळेतले मूलही थांबते. कोकरू ओळखणारे, कोणती मेंढी आजारी हे चालीवरून सांगणारे हे मूल अडाणी नाही. त्याची पाटी मात्र मागे पडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो. दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. हे पालकांना माहीत असले पाहिजे.

विश्वस्त व पालकांना आमची विनंती आहे की, स्थलांतराच्या महिन्यांत अशा मुलांची गावात राहण्याची सोय आपण मिळून करावी. परत आलेल्यांसाठी आम्ही शिक्षक जादा तास घेऊ. आणि मित्रांनो, उशिरा आलेल्या सोबत्याला हसू नका, आपली वही द्या. त्याच्याकडूनही पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

स्वाध्याय
१. १० जूनला गाभण राहिलेली शेळी साधारण कोणत्या तारखेला विईल? (उत्तर : ७ नोव्हेंबर)
२. मेंढरे रानात बसवल्याने शेतकरी व मेंढपाळ दोघांचा फायदा कसा होतो?
३. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घोंगड्याचे पाच उपयोग लिहा.
४. मेंढपाळ कुटुंबातील सोबत्याकडून जनावरांविषयीचे पाच मराठी व पाच कानडी शब्द मिळवा आणि वर्गात वाचून दाखवा.