मूठभर तांदळाचा हिशेब

पोरी, परवा तू तेलाच्या रिगवर निघणार. बॅग तुझी आई भरेल, हेल्मेट आणि बूट कंपनी देईल. चितेगावच्या या ओट्यावर बसून मला देण्यासारखं एवढंच आहे. वही घे. माणसाच्या लक्षात राहतं, यावर माझा विश्वास नाही.

पहिलं तांदळाचं. बिट आत्ता जिथं फिरतंय, तिथला दगड आत्ता तुझ्या हातात येत नाही. त्याचा चुरा मडबरोबर, म्हणजे विहिरीत फिरवलेल्या चिखलाबरोबर, वर यायला वेळ लागतो. विहीर दोन हजार मीटरला पोचली की चांगला तासभरही लागतो. आम्ही पाइप जोडताना मूठभर तांदूळ आत सोडायचो आणि घड्याळाकडं बघत शेकरच्या जाळीपाशी उभे राहायचो. जाळीवर दाणे दिसले की वेळ टिपायची, त्यातून खाली जायला लागलेला वेळ वजा करायचा. उरला तो वर येण्याचा उशीर. तो माहीत नसताना चुरा कुठल्या खोलीचा हे कुणी सांगू लागला, तर तो अंदाजपंचे बोलतोय असं समज. पंपाचा वेग बदलला, भोक ढासळून रुंद झालं, की हा उशीरही बदलतो; तेव्हा पुन्हा मोजायचं. आता कार्बाइड टाकतात, त्याचा गॅस यंत्र पकडतं आणि गणित संगणक करतो. तरी ड्रिलरला विचारून एकदा तांदूळ टाकूनच बघ.

हे उशिराचं गणित मला घरानं आधी शिकवलं होतं, पण कळलं उशिरा. मी 1966 साली अंकलेश्वरला रुजू झालो. आजीचं पत्र यायचं, ‘धाकट्याला ताप आहे’. माझी रात्र जागून जायची, आणि इकडं तो पोरगा केव्हाच बरा होऊन पोळ्याचे बैल रंगवत असायचा. तुमचा फोन लगेच लागतो, पण मनातलं वर यायला तेव्हाइतकाच वेळ घेतं. आई ‘काही नाही गं’ म्हणाली की फोन ठेवू नकोस. भाजी काय केली, बिडकीनच्या बाजारात काय भाव होता, असलं पाच मिनिटं बोल. दाणा जाळीवर येतो.

आणि आलेलं सगळं ताजं नसतं, बरं का. भोकाच्या कडेचे जुने थर ढासळून चुऱ्यात मिसळतात. ते तुकडे सहसा मोठे, लांबट, टोकदार असतात. नवशिका तेच उचलून रिपोर्ट लिहितो. घरच्या भांडणातही वीस वर्षांपूर्वीचं लग्नातलं मानपान असंच वरून पडतं. ते बाजूला काढायचं आणि आजचं काय आहे ते बघायचं. (आजी आतून ऐकतेय, ऐकू दे.)

नमुन्याच्या पिशवीवर खोली तिथल्या तिथं लिही, शिसपेन्सिलीनं. शाई पाण्यानं पसरते. मी एका पावसाळी रात्री ‘मग लिहू’ म्हणून दोन पिशव्या तशाच ठेवल्या आणि सकाळी कुठली कुठल्या खोलीची ते कळेना. शेवटी दोन्हींपुढं ‘शंकास्पद’ असा शेरा मारून साहेबांपुढं उभा राहिलो. बोलणी खाल्ली, पण खोटी खोली लिहिली नाही.

जांभळ्या दिव्याखाली चुरा चमकला तर लगेच तेल-तेल ओरडू नको. पाइपच्या जोडाचं ग्रीस चमकतं, काही खनिजंही चमकतात. द्रावकाचा थेंब टाक. तेल असेल तर त्यात रंग उतरतो, खनिजाचा उतरत नाही.

आता जिवाचं. सडक्या अंड्याचा वास आला तर सावध हो, पण तो यायचा थांबला म्हणून निर्धास्त होऊ नको. त्या वासाचा गॅस जास्त झाला की नाकच मारतो. हवेपेक्षा जड असल्यानं खाली साठतो. वाऱ्याची पिशवी बघ, वारा येतो त्या बाजूला आणि उंचावर जा. समोर माणूस पडला तरी मास्क लावल्याशिवाय धावायचं नाही. एवढं मात्र दोनदा लिही.

शेजारचे अजून विचारतात, ‘साहेब, समुद्रात तेल लागतं, मंग आमच्या बोअरला पाणी का दाखवत नाय?’ हसू नकोस. आपल्या पहारीला लागणारा हा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. अंकलेश्वरला तोच गाळाच्या थरांखाली तळाशी आहे. तिथं हा पाषाण, आमच्या भाषेत ट्रॅप, लागला की बहुतेक वेळा आमची विहीर संपायची. त्याच्या वरच्या वाळूच्या थरांत 1960 साली तेल लागलं, नेहरूंनी त्या विहिरीला ‘वसुधारा’ म्हटलं. आमचा तळ तो यांचा माथा! पाणी मात्र याच दगडाच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात सापडतं. म्हणून मी त्यांना नारळ फिरवून दाखवत नाही. मे महिन्यात शेजारच्या चार विहिरी बघा, पाणी किती फुटांवर लागलं ते विचारा, आणि अखंड पाषाणात ईर्षेनं खोल जाऊ नका, एवढंच सांगतो. ऐकतात कमी.

त्या समुद्रातल्या तेलाचं म्हणशील तर, आहेरात एक रुपयाची नोट आली की मागं बघ. तो ‘सागर सम्राट’ रिग. फेब्रुवारी 1974 मध्ये त्यानंच मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. त्या नोटा मी खर्चायचो नाही, म्हणून आजीनं मला चिक्कू ठरवलं.

चौदा दिवस राबून घरी आलीस की पहिले दोन दिवस काहीही सुधारू नकोस. गॅसची टाकी कुठं ठेवलीय, दूधवाला का बदलला, पोरं उशिरा का झोपतात, काही विचारायचं नाही. तुझ्यावाचून घर चाललेलं असतं. मी अंगणात शिरताच हिशेबाची वही मागायचो. एका खेपेला आजीनं ती हातात दिली आणि स्वतः नाथषष्ठीला पैठणला निघून गेली. तीन दिवस मी आणि चार पोरं. वरणसुद्धा करपलं.

जा, आत जा. तिनं पुडी बांधून ठेवलीय. तांदूळ जुना आहे, शिजायला उशीर लागतो म्हणून टाकायलाच काढला होता.