सायकलवरून घाट : चढ, उतार आणि मुक्काम



सायकल आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. कुणी तिच्यावरून दळण आणतो, कुणी शाळेला येतो. पण चार मित्र मिळून, कॅरिअरला तंबू बांधून, डोंगरातून दोन दिवसांची सहल काढायची म्हटली तर? मजा खूप आहे, बरं का! मात्र घाट चढताना गणित कळावे लागते आणि उतरताना विज्ञान. उतारावर चूक झाली तर गुडघे फुटतात, कधी जिवावरही बेतते. म्हणून हा पाठ.

उदाहरणासाठी आपण सातारा जिल्ह्यातील पसरणी घाट घेऊ. हा घाट वाईहून पाचगणीला जातो. शाहीर साबळे यांचे जन्मगाव पसरणी ते हेच. घाट चढू लागले की खाली कृष्णेवरील धोम धरणाचे पाणी दिसते.

चढाचे गणित

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे, तर पाचगणी सुमारे १३०० मीटर. म्हणजे ६०० मीटर चढायचे. रस्ता सुमारे १२ किलोमीटर, म्हणजे १२,००० मीटर. आता भागाकार करा. २० मीटर पुढे गेलो की १ मीटर वर जातो.

रस्ता सरळ का नाही काढला? सरळ काढला असता तर अंतर कमी झाले असते. पण तो इतका उभा झाला असता की बैलगाडी सोडाच, एस.टी.सुद्धा चढली नसती. वळणे घेतली की अंतर वाढते आणि जोर कमी लागतो. पुस्तकातले 'उतरण' नावाचे साधे यंत्र ते हेच!

गिअरचेही तसेच. समजा, पायडलजवळच्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्या चक्राला १६. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक ३ वेळा फिरते. मोठ्या सायकलीच्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर असतो. म्हणजे एका फेऱ्यात आपण ६.६ मीटर जातो. सपाटीला हे झकास. पण घाटात मांड्या भरून येतात. गिअरच्या सायकलीत चेन दुसऱ्या चक्रांवर नेता येते. समजा, पुढे २४ आणि मागे २४ दाते घेतले. आता एका फेऱ्यात फक्त २.२ मीटर. पाय तिप्पट वेळा फिरवावे लागतात, पण दर फेऱ्याला जोर तिसरा हिस्साच लागतो.

गिअर नाही? मग उतरावे आणि सायकल हातात धरून चालावे. त्यात लाज कसली!

उताराचे विज्ञान

चढताना खर्च केलेली शक्ती जाते कुठे? ती उंचीच्या रूपाने साठून राहते आणि उतरताना बाहेर येते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ६० किलो वजन धरा. ६०० मीटर उतरताना सुमारे साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेत एक लिटर साधे पाणी उकळायला लागेल! यातली काही ऊर्जा वाऱ्याला तोंड देण्यात जाते. बाकीची ब्रेकचे रबर आणि रिम यांची उष्णता बनते. म्हणून ब्रेक सतत दाबून ठेवू नये. थोडा वेळ दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. दोन्ही ब्रेक मिळून वापरावेत. एकटा पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. मधे थांबून रिम निवू द्यावी.

आणखी एक. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर दुप्पट नाही, चौपट लागते. म्हणून वळण येण्याआधीच वेग कमी करावा. रिम ओली असेल तर ब्रेक उशिरा लागतो.

मित्रांचा क्रम

चढाला सर्वांत हळू चालवणारा पुढे असावा. म्हणजे कुणी मागे एकटा पडत नाही. सर्वांत जाणता शेवटी. पंप, पाना, सोल्यूशन आणि रबराचे तुकडे त्याच्याजवळ. उतारावर दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवावे. डावी बाजू सोडू नये. शर्यत तर मुळीच लावू नये. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा घाटातला नियम आहे.

मुक्काम

सूर्य मावळण्याआधी जागा धरावी. ओढ्याच्या पात्रात किंवा सुट्या दगडांच्या कड्याखाली तंबू ठोकू नये. गावात विचारले तर देवळाची ओवरी किंवा शाळेचा व्हरांडा मिळतो. वनखात्याच्या जागेत परवानगी हवीच. उंचावर थंडी जास्त; दर १००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. पाचगणीला वाईपेक्षा चारेक अंश कमी धरा आणि घोंगडी घ्या.

चूल पेटवलीच तर निजण्याआधी पाणी ओतून विझवावी. वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते, मग वणवा गुरांचा चारा आणि पाखरांची घरटी पाहत नाही. सकाळी बूट झटकून घालावेत. आत विंचू असू शकतो. कचरा पिशवीत घालून परत आणावा.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार गाठता येते. २०१७ साली ते 'पुस्तकांचे गाव' झाले. घराघरांतून पुस्तके वाचायला मिळतात. पाय दुखत असतील तर याहून चांगली विश्रांती कोणती?

पालकांसाठी दोन शब्द

लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय घाटात पाठवू नये. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरे स्वतः पाहावीत. झिजलेली असतील तर बदलावीत. त्यांना थोडेच पैसे लागतात. डोक्याला हेल्मेट हवेच.

सांगा पाहू

१. पुढे ४० आणि मागे २० दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर जाईल?
२. सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे का ठेवायचे?
३. आपल्या गावाजवळच्या चढावर सायकल उतरवून रिमला हळूच बोट लावा. काय कळले, ते वर्गात सांगा.