उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर का येते?

प्रश्न : मार्चमध्ये गच्चीवरच्या कुंडीत धणे पेरले. रोपे वीतभर होतात न होतात तोच फुले आली. खत कमी पडले का?

उत्तर : कारण खताचे नाही, ऋतूचे आहे. कोथिंबीर हे थंड हवेचे पीक. पारा तिशीपुढे जाऊ लागला आणि दिवस मोठा झाला, की ती पाने वाढवायचे सोडून बी धरायच्या घाईला लागते. त्याच मातीत, त्याच खतावर डिसेंबरात पेरून पाहा. तीच कोथिंबीर भरगच्च येईल. म्हणून आता नत्र वाढवून फुलोरा थांबणार नाही. मग मे महिन्यात बाजारात कोथिंबीर येते कशी, असे कुणी विचारील. ती सावलीच्या जाळीखाली किंवा थंड भागात पिकवता येते आणि फुलण्याआधी कोवळीच काढली जाते. घरीही हेच करा : धणे हलके रगडून दोन फाकी करा, दुपारची सावली द्या, पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे थोडे पेरा. मात्र भरउन्हाची जागा भेंडी, गवार, चवळी, राजगिरा यांनाच द्या. हे ऊन त्यांना मानवते.