जुनी आज्ञावली आणि अपुरा दस्तऐवज

कार्यालयीन कामकाजात कागदाची जागा आता बव्हंशी संगणकाने घेतली आहे. परिपत्रके, शाळांची पटसंख्या, लाभार्थ्यांच्या याद्या फाईलच्या रूपाने एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातात. तथापि, कागद आणि संगणकीय फाईल यांत एक मूलभूत भेद आहे. कागद वाचावयास अक्षरओळख पुरते. फाईल वाचावयास मात्र ती ज्या आज्ञावलीने, म्हणजेच सॉफ्टवेअरने, तयार झाली तिच्याशी मेळ असणारी आज्ञावली लागते. हा मेळ नसल्यास फाईल उघडत नाही, किंवा उघडली तरी अपुरी उघडते. दुसरा प्रकार अधिक घातक होय. न उघडणारी फाईल आपली अडचण लगेच दाखवून देते. अपुरी फाईल पूर्ण असल्याचा भास निर्माण करते.

इंग्लंडमधील उदाहरण

सन २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत इंग्लंडला याचा अनुभव आला. तपासणीचे निकाल एकत्र करताना तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने एक्सेलच्या जुन्या पद्धतीची फाईल वापरली. या पद्धतीत एका तक्त्यात ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०,४८,५७६ झाली आहे. एकेका रुग्णाच्या नोंदीस अनेक ओळी लागत असल्याने मर्यादा लवकर संपली व पुढील नोंदी गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीत आली नाही. रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेण्यास विलंब झाला.

मराठी अक्षरांचा प्रश्न

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जुन्या पद्धतीच्या अनेक फॉन्टांत संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवितो आणि त्यांना देवनागरीचे रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांत दिसतो. मग बडोद्याहून पणजीस किंवा इंदूरहून बेळगावास पाठविलेले पत्र पोहोचूनही वाचता येत नाही.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी वर्णांना त्यांचे स्वतःचे ठरलेले क्रमांक आहेत. भारत सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोडची ५.१ ही आवृत्ती प्रमाण ठरविली. मराठीतील 'ॲ' या वर्णास स्वतंत्र क्रमांक मिळाला तो याच आवृत्तीत, सन २००८ मध्ये. त्यापूर्वीच्या फॉन्टात 'ॲडव्होकेट' या शब्दाच्या आरंभी रिकामी चौकट उमटते, त्याचे कारण हेच.

घ्यावयाची दक्षता

१. फाईल पाठविण्यापूर्वी ती घेणाऱ्याकडे कोणती आवृत्ती आहे याची विचारणा करावी.

२. यादी एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेल्यावर एकूण नोंदी व बेरजा मूळ यादीशी ताडून पाहाव्यात.

३. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टातील मजकूर रूपांतरित केल्यावर नावे, आकडे व जोडाक्षरे नजरेखालून घालावीत. 'दऱ्या' या शब्दाचा 'दर्या' झाल्यास दऱ्यांच्या ठिकाणी समुद्र येतो!

४. ज्यात पुढे बदल करावयाचा नाही असा दस्तऐवज, फॉन्ट अंतर्भूत करून, पीडीएफ स्वरूपात पाठवावा.

५. मूळ फाईल जशीच्या तशी जतन करावी.

६. कालबाह्य आवृत्त्या क्रमाने बदलाव्यात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००३ चे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, तर २०१६ व २०१९ या आवृत्त्यांचे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. साहाय्य संपल्यावर सुरक्षाविषयक सुधारणा मिळत नाहीत. खर्चाची अडचण असलेल्या शाळा व ग्रामसंस्थांना लिबर ऑफिस ही विनामूल्य आज्ञावली उपलब्ध आहे.

यादीतील प्रत्येक ओळीमागे एक माणूस असतो. ती ओळ गळाली, तर कोणाचे तरी अनुदान अडते, कोणा विद्यार्थ्याचा दाखला लांबतो. म्हणून आज्ञावलींचा मेळ राखणे हे केवळ संगणकतज्ज्ञाचे काम नव्हे. फाईल पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या प्रत्येकाचे ते कर्तव्य आहे.