यशोदेच्या घरचा सोहळा आणि उलटलेला गाडा



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दहावा स्कंध, अध्याय 7 ची सुरुवात. शकटभंजनाची ही गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. पण त्या दिवशी नंदाच्या घरी नेमकं काय चाललं होतं, हे आपण सहसा विसरतो.

त्या दिवशी सोहळा होता. बाळ कुशीवर वळायला लागलं होतं आणि त्याचं जन्मनक्षत्र रोहिणीही त्याच दिवशी आलं होतं. म्हणजे आपल्या भाषेत बाळाचा कौतुकाचा दिवस. गोपी जमल्या, मंत्रघोषात बाळाला स्नान घातलं, दानधर्म झाला. बाळ पेंगुळलं, तसं यशोदेने त्याला निजवलं. ते एका गाड्याखाली झोपलं होतं. पुढे ते भुकेने रडू लागलं, पण पाहुण्यांचा मान राखण्यात गुंतलेल्या आईला ते ऐकूच आलं नाही. बाळाने पाय झाडले आणि गाडा उलटला.

इथे दोन गोष्टी मला थांबवतात.

पहिली: भागवतकार यशोदेला बोल लावत नाहीत. पाहुण्यांचा सत्कार हाही धर्मच. पण ज्याच्यासाठी सोहळा, त्याचाच आवाज सोहळ्यात बुडाला, हे ते स्पष्ट सांगतात.

दुसरी: गाडा कसा उलटला, हे मोठ्यांना कळेना. जवळच्या मुलांनी सांगितलं, यानेच रडता रडता पायाने उडवला. मोठ्यांनी ते पोरांचं बोलणं म्हणून सोडून दिलं. खरं मात्र मुलंच बोलत होती!

आमची लेक येत्या रविवारी पाच वर्षांची होतेय. दोन वर्षांची असताना ती नुसतं "नाही" म्हणायची. आता कारणही सांगते. परवा म्हणाली, "बाबा, खूप लोक आले की सगळे माझे गाल ओढतात. मला आजी, शेजारचा दादा आणि पुरणपोळी हवीय." आमच्याकडे तोवर चाळीस जणांची यादी तयार होती. पोरांचं बोलणं म्हणून सोडून देणं अगदी सोपं होतं.

तिच्या आईने आणि मी बसून यादी बारावर आणली. काही नातेवाईक रुसतील. त्यांना मी स्वतः फोन करून सांगणार आहे आणि पुढच्या महिन्यात तिला घेऊन त्यांच्या घरी नमस्काराला जाणार आहे. मान राखायचा, पण त्याचा भार तिच्यावर टाकायचा नाही.

आणखी एक ठरवलंय. ऑफिसमध्ये रात्री सिस्टीम बंद पडली तर फोन कोण उचलणार, हे आधीच ठरलेलं असतं. कारण सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. रविवारीही तसंच. औक्षणापासून शेवटचा पाहुणा निघेपर्यंत आम्हा दोघांपैकी एक जण आळीपाळीने फक्त तिच्याजवळ असेल. हातात ना ताट, ना मोबाईल.

अध्यायात पुढे यशोदा रडणाऱ्या बाळाला आधी उचलून घेते, स्वस्तिवाचन करवते, मग पाजते. मोडलेला गाडा गोप पुन्हा उभा करतात. गाडा उभा करायला माणसं मिळतात. बाळाला उचलायला आईबापच लागतात.

आजचा अभ्यास: घरातलं लहान मूल आज जे सांगेल, ते एकदा तरी मध्ये न बोलता पूर्ण ऐका. घरात मूल नसेल, तर भाच्याला किंवा पुतणीला फोन लावा.

जय हरी!