पाणी ओसरल्यावर

हिंदमाताला पाणी का तुंबते, हे तुम्हाला ठाऊक असेल. तो भाग भोवतालच्या वस्तीपेक्षा खोलगट. त्यातून भरतीच्या वेळीच मुसळधार पाऊस झाला, तर पाण्याचा समुद्राकडे निचरा होत नाही. पण त्या पाण्यामुळे मूल शाळेत आणि आईवडील कचेरीत अडकले, तर मनात काय घडते?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मुंबईतील कितीतरी मुले शाळेतच राहिली. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर कोणी आईच्या गळ्यात पडून रडले असेल, कोणी तिच्यावरच रागावले असेल, कोणी मुकाट्याने जेवायला बसले असेल.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी अमेरिकेत बाल्टिमोर येथे सुमारे एक वर्षाच्या मुलांवर असाच, पण काही मिनिटांचा, प्रयोग केला. आई खोलीबाहेर जाते व परत येते. ती परतल्यावर मूल काय करते, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. बरीच मुले तिला बिलगून शांत झाली व पुन्हा खेळू लागली. हा सुरक्षित अनुबंध. काही बिलगत आणि ढकलतही. काहींनी तिच्याकडे पाहिलेच नाही. ही तिसरी मुले धीट वाटतात ना? पुढे इतर संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले! डोळ्यांना शांत दिसते ते उपकरणाला तसे दिसेलच असे नाही, हे आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांना नवे नाही. गप्प बसणाऱ्या मुलाला 'समजूतदार' म्हणण्यापूर्वी शिक्षकांनीही हे ध्यानात घ्यावे.

आता कुटुंबाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात दुरावलेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून रूबेन हिल यांनी १९४९ मध्ये असे मांडले, की संकट केवळ घटनेवर ठरत नाही. घराजवळची साधने आणि घरच्यांनी त्या घटनेचा लावलेला अर्थ, यांवरही ते ठरते. पाणी तेवढेच, पण एका घरी 'शाळेतच थांब, उशीर झाला तरी आम्ही येऊ' असे आधीच ठरलेले असते. दुसऱ्या घरी भेटताच पाठीत धपाटा!

सुरक्षित अनुबंध असलेली किशोरवयीन मुले अडचणीत मदत मागतात आणि त्यांच्या घरी बोलणेही मोकळे असते, असे अभ्यासांत बहुधा दिसते. मात्र दोन राशी बरोबरीने वाढल्या, म्हणजे एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. शिवाय अनुबंध हा कपाळावरचा शिक्का नव्हे. पुढील आयुष्यात तो बदलूही शकतो.

येत्या पावसाळ्यापूर्वी घरी एक प्रश्न विचारून पाहा : फोन लागला नाही, तर मी कोणाची आणि कोठे वाट पाहायची?