सोन्याची राखणावळ

अगं, यशवंतपुरात लॉकर मिळतोय म्हणून एवढी हुरळून जाऊ नकोस. घे, नको कोण म्हणतंय! पण सही करण्याआधी जरा कागद-पेन घेऊन बस.

तुमच्या घरात सोन्याची पारख कुणी शिकवायला नको. विटा-खानापूरकडून गलाईसाठी देशभर पांगलेली आपली माणसं. मुशीतून लगड निघाली की तूट किती आली, हे तुझे अहो चुटकीसरशी सांगतील. सराफाकडे घडणावळीवरून तू अर्धा तास हुज्जत घालतेस. पण घडणावळ एकदाच द्यायची असते. राखणावळ दरसाल जाते, आणि म्हातारपणाचं सोनं म्हणजे वीस-पंचवीस वर्षांची गोष्ट.

समज, लॉकरचं भाडं वर्षाला ४,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. आत पाच लाखांचं सोनं असेल तर हा खर्च जवळजवळ एक टक्का झाला. वीस लाखांचं असेल तर पाव टक्काही नाही. भाडं तेच, पण सोनं थोडं असलं की ते महाग पडतं.

आता दुसरी बाजू. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यातून नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. म्हणजे चार लाख. वीस लाख ठेवलेस तरी चारच! भूकंप-पुराची जबाबदारी तर बँक सहसा घेतच नाही. म्हणून मोठा ऐवज ठेवणार असशील तर दागिन्यांच्या विम्याचा हप्ताही राखणावळीतच धर.

गोल्ड ईटीएफमध्ये हेच गणित उलटं चालतं. तिथं सोनं फंडाच्या वतीनं सेबीकडे नोंदलेला कस्टोडियन तिजोरीत सांभाळतो, आणि त्याचा खर्च फंडाच्या एकूण खर्चात येतो. तो अर्धा टक्का धरला तर पाच लाखांवर वर्षाला २,५०० आणि वीस लाखांवर १०,०००. पासबुकात त्याची ओळ कधी दिसणार नाही, कारण तो रोज थोडा थोडा युनिटच्या किमतीतूनच वळता होतो. न दिसणारा खर्च बायका विसरतात म्हणतात, पुरुषही विसरतात! डीमॅटचं शुल्क आणि दलाली वेगळी. 'फंड ऑफ फंड' घेतलास तर दोन्ही फंडांचा खर्च पडतो, तो आधी बघ.

आपल्या उदाहरणात साडेनऊ लाखांच्या आसपास दोन्ही खर्च सारखे होतात. त्याखाली ईटीएफ स्वस्त, वर गेलीस की लॉकर. विमा धरलास तर हा आकडा आणखी वर सरकतो. तुझ्या शाखेचं भाडं आणि फंडाचं खर्चाचं प्रमाण घालून हिशोब पुन्हा मांड.

मोबाइलवरच्या डिजिटल सोन्याचं म्हणशील, तर दहा हजार भरलेस की ३ टक्के जीएसटी जाऊन सोनं येतं सुमारे ९,७०९ चं. शिवाय खरेदी-विक्रीच्या भावातला फरक. हे आपल्या नियमनाखाली येत नाही, असं सेबीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये बजावलंय. म्हातारपणाची पुंजी तिथं नको.

सासूबाईंनी मूळ इश्यूत घेतलेले सुवर्णरोखे असतील तर घाईनं मोडू नका. तिथं राखणावळ नाहीच, उलट मूळ रकमेवर वर्षाला अडीच टक्के व्याज मिळतं.

अमेरिकेतल्या आपल्या माणसांनाही हा राखणावळीचा हिशोब चुकलेला नाही. तिथं निवृत्तीच्या खात्यातलं सोनं घरी ठेवता येत नाही, ते कस्टोडियनमार्फतच ठेवावं लागतं. म्हणून फी ठरावीक की टक्केवारीनं, हे तिथंही आधी विचारायचं असतं.

माझं मत विचारशील तर अंगावर घालायच्या पाटल्या-बोरमाळ छोट्या लॉकरमध्ये. नवी वेढणी घेण्याऐवजी ते पैसे ईटीएफमध्ये. आणि लॉकर दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही उघडता येईल असा. वारसाचं नाव दोन्हीकडे. सत्तरीत गुडघे धरून तळघराचा जिना उतरायला लागू नये म्हणून शाखा कुठली आणि लॉकर कितव्या मजल्यावर, हेही आजच बघून ये.